पहिला स्ट्रायकर

अंबरनाथला आमच्या चाळीसमोरच्या मैदानात दर जानेवारीत कॅरमच्या स्पर्धा भरत. ऐंशीच्या दशकात सुरू झाल्या तेव्हा दोनच बोर्ड होते आणि खेळणारेही चाळीतलेच. मग बदलापूरचे यायला लागले, जांभूळचे आले, आणि उल्हासनगरचे सिंधी दुकानदार तर आपापला स्ट्रायकर रुमालात बांधून आणत. उद्घाटनाला कुणी बडा माणूस बोलवायचा नाही, हा आमचा रिवाज. मागच्या वर्षी जिंकलेल्यानं पहिला स्ट्रायकर मारायचा, मग खेळ सुरू. आमचे हे दोनदा जिंकले. दोन्ही वर्षं मांडवातल्या सगळ्यांचा चहा करून करून मेले मी, आणि कपावर नाव यांचं.

दुसऱ्यांदा जिंकले त्याच वर्षी पावसाळ्यात कारखान्यात प्रेसखाली यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. उरलेले निवडून संपवले आणि मग गेले. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही.

दिवाळीनंतर हे घरात एकटेच डाव्या हातानं खेळायला बसू लागले. सोंगट्या भलतीकडेच जायच्या. मी म्हणाले, "अहो, कशाला जिवाला त्रास?"

"जिंकायचंय कुणाला? पहिला स्ट्रायकर माझा आहे ना. तेवढा नीट गेला पाहिजे."

जानेवारीपर्यंत तेवढा नीट जायला लागला. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हे पहिल्या रांगेत बसले. मंडळानं पाहुणे म्हणून एका शाळेचे मुख्याध्यापक आणले होते. पहिला स्ट्रायकर त्यांनीच मारला. राणी जागची हलली नाही, तरी टाळ्या पडल्या. यांनीही डावा हात मांडीवर आपटून टाळी वाजवली.

मंडळाचा सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, दादांना चारचौघांत कसंतरी वाटायला नको, म्हणून आम्हीच अ‍ॅडजस्ट केलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगला मुलगा. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. म्हटलं, "बरं केलंत."

पुढे दरवर्षी पाहुणेच येत गेले. नव्वदीत स्पर्धा बंद पडल्या, तोवर नव्या पोरांना वाटायचं की पहिल्यापासून असंच आहे. आमचा बोर्ड माळ्यावर गेला. यांचा डावा हात जेवण्यापुरता राहिला.