हळदीचे ठसे

“हिनीच चोरी कयी! हाई एकलीच घरमा व्हती!” नवरदेवाचे मामा मांडवात ओरडत होते. आवाज असा, की पारोळ्याच्या किल्ल्याचे दोन-चार चिरे तेव्हाच निखळले असावेत. मी मोजायला गेलो नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी धुळ्याहून पोलिसांसाठी बोटांचे ठसे घेत हिंडत होतो. त्या गावात माझी काळी बॅग पाहून तिघांनी डॉक्टर समजून जिभा बाहेर काढल्या.

नवरीसाठी केलेल्या सोन्याच्या पाटल्या ट्रंकेतून गेल्या होत्या. आळ नवरदेवाच्या विधवा काकूवर. हळद लागताना तिनं मांडवात यायचं नाही, हळदीला शिवायचं नाही, म्हणून तिला आत चुलीपाशी बसवलेलं. ट्रंक पलीकडच्या खोलीत, पण घरात एकटी तीच. फौजदार तिला गाडीत घालून न्यायच्या तयारीत होते.

ट्रंक आणि तिच्यातला पाटल्यांचा डबा, दोन्ही हिरवे, वर पिवळी फुलं. अशा रंगीत पत्र्यावर आमची काळी पूड काही दाखवत नाही. त्यासाठी वेगळी पूड असते, जांभळ्या दिव्याखाली उजळणारी. खिडकीत गोणपाट कोंबून मी भरदुपारी अंधार केला आणि पुडीच्या डबीचं झाकण उघडायच्या आत सहज दिवा लावून पाहिला.

पूड टाकलीच नव्हती, तरी ठसे पेटलेले! हळदीचे. त्या दिव्यात हळद आपसूक उजळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. फौजदारांना मात्र माझाच शोध म्हणून सांगितलं. पाटल्यांच्या डब्यावर एक अंगठा स्वच्छ उमटला होता, मधोमध जुन्या जखमेची आडवी रेघ. मग नियमाप्रमाणे पूडही फिरवली. काकूचे ठसे घेऊन ताडून पाहिले; तिचं बोट डब्यावर कुठेच नाही.

बाहेर येऊन मी त्या आडव्या रेघेचं सांगितलं. मामांनी उजवा हात खिशात घातला. मांडव इतका गप्प झाला की पलीकडच्या तालुक्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू आली. फौजदारांनी हात बाहेर काढायला लावला. पाटल्या निघायला मग वेळ लागला नाही.

मी मात्र अहवाल लिहिताना अडलो. ज्या रिवाजानं तिला आत एकटं बसवलं, त्यानंच तिची बोटं हळदीपासून कोरी ठेवली. त्याचे उपकार मानायचे, की आळ त्याच्यावरच घ्यायचा? असा रकाना आमच्या कागदात नव्हता.

तरी ऐट सुटेना. आत जाऊन म्हणालो, “अक्का, सुटलात तुम्ही! माझ्या दिव्यानं सोडवलं!”

“मंग उठू का मी? चुल्हावर वरण शे.”