रजईचं वजन

तिला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर अंगाने तशीच, आणि दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायची. गिऱ्हाइकांना तिचं निम्मं बोलणं कळायचं नाही, आणि तिच्या सासूच्या मते तेच बरं होतं.

"रजया शिवणाऱ्या बाईला तोंड हवंय कशाला?" सासू म्हणायची. "लोक आपली झोप आपल्या हातात देतात गं. उसवताना जे दिसेल ते परत टाक्याखाली गेलं पाहिजे. बाहेर सांडता कामा नये."

दिसायचं पुष्कळ. तान्ह्याचं झबलं, केसांची बट, एकदा तर कुणाची तरी कवळी. टाचणी ते उचलायची, खालचा कापूस पिंजून घ्यायची आणि होतं तिथेच परत ठेवून शिवून टाकायची. नवरा गेल्यापासून दुकान दोघींचं. सासू कापूस मोकळा करी, सून टाके घाली. भांडायला तिसरं माणूस नव्हतं, म्हणून एकमेकींशीच भांडत.

त्या दुपारी एक बाई आली. रजई तिने दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, झोपलेलं मूल आणावं तशी. फळीवर ठेवली, आणि ठेवल्याबरोबर दोन पावलं मागे सरकली.

"हलकी करून द्या."

"किती हलकी?" टाचणीने टाचण्यांतून विचारलं.

"मला श्वास घेता येईल इतकी."

"अगं बाई!" सासू आतून कापूस झटकत म्हणाली. "रजई आहे की सवत?"

बाई हसली नाही. "सवतीचीच आहे."

सासूचा हात कापसातच थांबला.

बाई काटेवाल्या साहेबांची दुसरी बायको निघाली. बाजारातले तराजू आणि वजनं तपासणारे ते साहेब. गल्लीतले दुकानदार त्यांना लांबूनच नमस्कार करत. पहिली बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती, हिचं लग्न अलीकडचं.

"घरात एवढी मजबूत रजई असताना दुसरी कशाला, म्हणतात. एक लोकरीचं ब्लँकेट आहे, ते अंगाला टोचतं. नुसत्या चादरीवर थंडी भागत नाही. मग घेते हीच."

"ऊन दाखवता का हिला?" टाचणी म्हणाली. "आणि घडी बदलत जा. रोज त्याच घडीवर घडी पडली की कापूस एका जागी गोळा होतो. मग वाटतं, जड झाली."

"सगळं करून झालं. उन्हात घातली, काठीने झोडपली, उलटी करून घेतली. शेवटी डोक्याकडची बाजू पायांकडे केली. तर तो पायांवर पडायला लागला."

"कोण?"

"हात."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"डोळा लागतो न लागतो तोच खांद्यावरून हात येतो," बाई सांगत होती. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "दाबत नाही, ओढत नाही. नुसता असतो. मी त्या घरात नकोय तिला. आज ही हलकी झाली तर ठीक, नाहीतर मी उद्या भावाकडे निघून जाते. वहिनीची बोलणी खाईन. पण तिथे अंधारात कुणी हात तरी लावणार नाही."

टाचणी रजईकडे बघत होती. कडेचा टाका तिचाच होता. स्वतःचा टाका लपत नाही, कितीही जुना होवो. तिला तो दिवस आठवला.

पहिली बायकोही याच फळीपाशी उभी राहिली होती. अबोल, नीटनेटकी. "जड हवी," म्हणाली होती.

"थंडी फार वाजते का ताई?"

"थंडी नाही."

मग बराच वेळ कापडांवरून हात फिरवत राहिली. जाता जाता म्हणाली, "एका बाजूला लांबट गुंडाळी घालता येईल? खांद्यावरून खाली उतरेल अशी. जरा जाडसर."

"कशासारखी?"

तिने टाचणीचा हात धरला आणि पसरलेल्या कापडावर आडवा ठेवला. उजव्या हातात खडू होता, म्हणून डावा. टाचणीने आपल्याच हाताभोवती खडू फिरवला, खांद्यापासून बोटांपर्यंत. तिचा नवरा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढचं काही विचारायची गरजच पडली नाही.

"उद्या या," टाचणी आता म्हणाली. "हलकी करून ठेवते."

"मी बसते. माझ्यासमोर उसवा."

सासूने बाईच्या पाठीमागून मान हलवली. नाही म्हणजे नाही. टाचणीने कात्री घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. बाई स्टूल ओढून बसलीसुद्धा.

टाके सुटत गेले. वरचं कापड बाजूला झालं, अस्तर दिसलं, पिवळट पडलेला कापूस दिसला. आणि कडेला, कापसातच पण कापसापासून वेगळी, ती गुंडाळी.

टाचणीने ती सरळ शिवली होती. आता ती मध्यावर वाकली होती, कोपरात वाकावी तशी. पुढचं टोक मळकं झालं होतं, आणि दोरखंडासारखं घट्ट. कुणीतरी ते मुठीत धरून झोपत आलं होतं. एकदा दोनदा नाही, वर्षानुवर्षं.

स्टूल पडलं. बाई भिंतीला टेकली होती. "हाच. हाच तिचा हात."

"टाचणे," सासू दबक्या आवाजात म्हणाली, "टाक्याखाली."

"नाही आई. या घर सोडून चालल्यात." टाचणी बाईकडे वळली. "तिचा नाही हा. माझा आहे."

आणि तिने बाही वर करून आपला डावा हात गुंडाळीशेजारी ठेवला. जाडी तीच, मनगटापाशी तसाच बारीक. फक्त गुंडाळी आता हातापेक्षा वीतभर जास्त लांब भरली.

"माझ्या मापाने शिवला होता. तो ओढून ओढून लांबलाय. तिने मागून घेतला होता हो. तुम्हाला घाबरवायला नाही, स्वतःसाठी. जवळ कुणी नव्हतं तिला."

"नव्हतं कसं? नवरा होता की."

"होता. झोपायचा कुठे?"

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"पुढच्या खोलीत," बाई शेवटी म्हणाली. "अजून तिथेच झोपतात. मला वाटलं, माझ्यामुळे. पहिलीला विसरता येत नाही म्हणून माझ्याजवळ येत नाहीत. मी म्हटलं, तिचा किती जीव असेल त्यांच्यावर, आणि त्यांचा तिच्यावर." ती खाली वाकली आणि पडलेलं स्टूल उचलून ठेवलं. "म्हणजे तिच्याजवळही नाही."

"चहा ठेवू का गं?" सासू म्हणाली. सासूने गिऱ्हाइकाला चहा विचारायची ही पहिलीच वेळ.

बाईने ऐकलंच नाही. तिने हळूच हात पुढे केला, गुंडाळीचं ते घट्ट टोक मुठीत धरलं, आणि चटका बसल्यासारखं सोडून दिलं. "शिवून टाका परत."

"गुंडाळी काढून?"

"नको, काही काढू नका. आहे तशीच. त्यांच्या अंगावर घालते."

टाचणीने हात आत ठेवला, वाकलेला तसाच वाकलेला, आणि वरून टाके घातले. त्या दिवसापासून सकाळी उठली की तिचा डावा हात बधिर असायचा. मनगटावर कुणाची तरी पकड नुकतीच सुटल्यासारखा. "कुशीवर झोपतेस ना, त्याने होतं," सासू म्हणायची, आणि तेल आणून न सांगता चोळत बसायची.

थंडी ओसरायच्या आधी बाई पुन्हा आली. रंग उजळला होता. हात मोकळे होते.

"गेला नाहीत वाटतं भावाकडे?" टाचणीने विचारलं.

"मी कशाला जाऊ? मला गाढ झोप लागते हल्ली." तिने ताग्यांवर नजर फिरवली. "ते मात्र झोपत नाहीत. पहिल्याच सकाळी विचारलं, रात्री तू पुढच्या खोलीत आली होतीस का? मी म्हटलं, नाही बाई. तेव्हापासून दिवसभर खांदा चोळत असतात. परवा रजई ऑफिसात घेऊन गेले, त्यांच्या काट्यावर घालायला."

"बाई गं! मग?"

"बरोबर भरली. म्हणाले, दिवसा बरोबर भरते."

सासूच्या हातातला कापूस खाली आला. मग बाई एकदम व्यवहारी झाली. "मला एक नवी शिवून द्या. हलकी, मऊ. आत काही नको, नुसता कापूस."

टाचणीने निळसर कापड पसरलं आणि खडू घेतला. "एकटीपुरती की दोघांची?"

बाई कापडाचा पोत अंगठ्याने बघत राहिली.

"काल दारात उभे होते," ती म्हणाली. "उशी घेऊन. म्हणाले, मी आत येऊन झोपू का? घाबरलेत हो. एवढा मोठा माणूस."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आज नको." तिने कापड सोडलं. "एकटीपुरतीच शिवा. पण कडेला थोडं जास्त कापड दुमडून ठेवा. पुढे वाटलं तर वाढवता येईल ना?"

"येईल," टाचणी म्हणाली. डावा हात अजून जड होता. तिने तो कापडापासून दूर, पाठीमागे धरला, आणि एका हाताने रेघ ओढली.