शेवटच्या ओळीतलं नाव

निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, शाळेतही उर्दू. मराठीत चार ओळी नीट जुळवायला शिकायचं तर नांदूरघाटच्या माणसाला बालाघाटाचा डोंगर चढावा लागे. वर मठात धर्मराजबुवा दर उन्हाळ्यात महिनाभर कवनांची बैठक भरवत. रब्बीची खळी उरकली की आश्रुबा घोंगडी खांद्यावर टाकून निघायचा. ज्वारी-करडईत जन्म गेलेला हा गडी, पण कवनाचं वेड असं की पोरं तापाने फणफणत असतानाही त्याची खेप चुकली नाही.

बुवांचा एक दंडक होता. कवनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. पण बुवा हुकूम देईपर्यंत चेल्याने स्वतःचं नाव घालायचं नाही, 'धर्मराज म्हणे' असंच म्हणायचं. आश्रुबाच्या मागून आलेली पोरं आपापल्या नावाने गाऊ लागली, हा मात्र अजून तिथेच. ते त्याच्या जिवाला फार लागलं होतं. एकदा आपलं नाव ओळीत यावं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो बोलूनही दाखवायचा. चूक इतकीच, की गायचा तो चंद्र आणि कमळं. नांदूरघाटात कमळ कुणी पाहिलं होतं, देव जाणे.

एका वैशाखात मात्र त्याने वेगळंच काही गायलं:

आड गेला खोल खोल, दोर पुरेना हाताला
हात सोलले तरीबी, पाणी आधी वासराला

बुवांची थोरली बहीण जानकीबाई कोपऱ्यात बसून ओव्या रचायची, तिने पदराने डोळे टिपले. बुवा म्हणाले, "आश्रुबा, आता घाल तुजं नाव."

इतकी वर्षं जिवापाड मागितलेलं समोर आलं होतं. पण त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं; त्यांवर दोराचा एक वळही नव्हता. ऐन उन्हाळ्यात तो घरी असायचाच कुठे? आडाचं पाणी शेंदायची त्याची बायको, आणि हे शब्दही तिच्याच दरवर्षीच्या कुरकुरीतले. ते कानाआड करून तो डोंगर चढत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बुवा, हे मी कुटं म्हनलो? हे आमच्या घरची म्हनती."

"मंग तिचं घाल."

लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोचं नाव त्याने चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या. तरी त्याने ओळीत घातलं: 'तुळजा म्हणे.'

तो घरी आला तेव्हा तुळजाबाई आडावर पाणी शेंदत होती. काठावर बसून त्याने तिला बैठकीचं, जानकीबाईच्या ओव्यांचं सांगितलं आणि कवन म्हणून दाखवलं. नाव आलं तसा तिचा हात थांबला. पोहरा मधेच लटकत राहिला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर दोर अजून माझ्याच हातात हाय की. फुडच्या उन्हाळ्याला पानी तुमी शेंदा. मी जाते वर, जानकीबाईपाशी."

आश्रुबाला वाटलं, थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती.

पुढच्या वैशाखात शेजारचा गहिनीनाथ आडावर आला. आश्रुबाच्या हातांना फोड आले होते आणि दोर काही पुरत नव्हता.

"का रं, औंदा डोंगरावर गेला न्हाईस?"

आडावर निम्मं गाव जमलं होतं.

"तुळजा गेली हाय," आश्रुबाने मोठ्याने सांगितलं आणि पोहरा खाली सोडला.