हेनीकाकांना घातलेली शाल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अनघालाही नाही — माझ्या बायकोला — आणि तिला तर मी दुपारच्या डब्यातली भाजी कशी होती हेसुद्धा फोन करून सांगतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असाल, तर हसरा, हजरजबाबी माणूस म्हणूनच ओळखत असाल. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाचा कायमचा सूत्रसंचालक. चौदा वर्षं झाली, गणपती असो की संक्रांत, माइक माझ्याच हातात असतो.

पोटापाण्याला आयटी आहे. पण खरं विचाराल तर मी स्वतःला विनोदी कलाकार समजतो. नागपूरला कॉलेजात एकपात्रीची दोन बक्षिसं मिळवली होती, तेवढ्यावर इतकी वर्षं तगलोय. इथे दर वर्षी वीस मिनिटांचा माझा कार्यक्रम असतो आणि लोक हसतात. हसतात म्हणजे — ओळखीची माणसं हसतात तसं. तो फरक मला कळत नव्हता असं समजू नका.

आमच्या घरासमोर मारीता राहते. साउथ आफ्रिकेची, औषध कंपनीत नोकरी करते. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं. त्यांचं नाव हेनी. वय पंचाहत्तरच्या घरात, उंच, जरा वाकलेले, कान हे मोठे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, आमच्या आफ्रिकान्स भाषेत वडीलधाऱ्याला ऊम म्हणतात, तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, काका. झालं, त्या दिवसापासून आमच्या गल्लीत ते हेनीकाका झाले.

चाळीस वर्षं त्यांनी हसवण्याचं आणि गाण्याचं काम केलं होतं. एक गिटार, एक पांढरा विग आणि जुनी गाडी. खेड्यापाड्यांतली सभागृहं, शाळांचे हॉल, रग्बीचे क्लब. विग घातला की ते एक विधवा मावशी व्हायचे आणि चर्चच्या पाद्र्याला फोन करून गावभरच्या चुगल्या सांगायचे. मग विग काढून एक गाणं. गावोगावी लोक त्यांना त्या मावशीच्या नावाने हाक मारत. आणि इथे? इथे त्यांची भाषा कळणारी चार घरं, त्यांतलीही मुलं इंग्रजीतून उत्तर देणारी. विग कपाटात पडून होता.

ते काहीही लपवत नसत, हे मात्र सांगायला हवं. एकदा पत्रपेटीजवळ उभं असताना म्हणाले, त्या काळात माझ्या कार्यक्रमाला तुझ्या रंगाच्या माणसाला दारातून आत येऊ दिलं नसतं. मी ते बघत होतो आणि तरी गात होतो. आत भांडी घासणाऱ्या बायकांच्या नकला करून मी टाळ्या घेतल्यात. असं सगळं, नजर न चुकवता. पुढे हीच गोष्ट मी मनातल्या मनात किती वेळा वापरली — बरं झालं, त्याच लायकीचा होता म्हातारा! पण त्या दिवशी, ज्या दिवसाबद्दल मी सांगणार आहे, त्या दिवशी हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. डोक्यात फक्त मी होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, ऑपरेशन सोमवारी ठरलं. आमचा गणपतीचा कार्यक्रम त्याच्या आधीच्या शनिवारी. ते माझ्याकडे आले आणि पंधरा मिनिटं मागितली. मी आनंदाने दिली. का नाही देणार? गोरे आजोबा मराठी स्टेजवर — फोटो छान येतात.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी माइक तपासायला त्यांना मी आमच्या गराजमध्ये बोलावलं. तिथे त्यांनी ते गाणं म्हटलं. नवीन होतं, मारीतासाठी रचलेलं. तिच्या एकाही वाढदिवसाला ते घरी नव्हते. दर वेळी कुठल्या ना कुठल्या गावात दुसऱ्यांच्या मुलांना हसवत होते. त्याबद्दलचं आफ्रिकान्स गाणं, अर्थ त्यांनीच मला सांगितला. मी विचारलं, घरीच का नाही म्हणून दाखवत? तर म्हणाले, स्टेजसाठी मी तिला सोडून जायचो, तेव्हा स्टेजवरूनच सांगायला हवं, लोकांसमोर. आवाज जपायला ते त्यानंतर चार दिवस एक अक्षर बोलणार नव्हते. मारीताला यातलं काही माहीत नव्हतं. फक्त मला माहीत होतं. आवाजाची पातळी बघायला मी सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यात शेवटी माझाही आवाज आहे — "डोन्ट वरी काका, आय ॲम देअर ना. नोबडी विल डिस्टर्ब यू."

शनिवार उजाडला. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, तीनशे माणसं, मागच्या बाजूला मसालेभाताचा वास. आधी माझा कार्यक्रम होता. पडला. सपशेल पडला. पाचव्या मिनिटाला लोकांनी फोन काढले, आणि पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी तर जांभई देताना तोंडावर हातही धरला नाही. मी तसाच घाम पुसत विंगेत आलो आणि हेनीकाकांना स्टेजवर पाठवलं.

त्यांनी विग घातला, खुर्चीवर बसले, हातात नसलेला फोन कानाला लावला. आफ्रिकान्समध्ये बोलायला लागले. एकालाही एक शब्द कळत नव्हता आणि मिनिटभरात हॉल हसायला लागला. ती मावशी सगळ्यांच्या ओळखीची होती! फोनवर हात ठेवून नवऱ्याच्या फोटोवर डाफरणं, ऐकताना भुवया चढवणं. आणि मग मधेच — त्यांनी हे माझ्या सासूबाईंकडून उचललं होतं, त्या आमच्या डेकवर बसून पुण्याला बहिणीशी बोलतात तेव्हा — मधेच स्वच्छ मराठीत "अय्या, हो का गं? बरं, ठेवते हं," आणि पुन्हा दोन मिनिटं आफ्रिकान्स. पुन्हा "बरं, ठेवते." पुन्हा चालूच. माणसं खुर्च्यांवरून घसरली. जांभईवाल्या काकू डोळे पुसत होत्या. माझी अनघा — माझ्या विनोदावर ती असं कधी हसली होती?

बाराव्या मिनिटाला त्यांनी विग काढला, गिटार मांडीवर घेतली. हॉल एकदम गप्प झाला. तीनशे मराठी माणसं महाप्रसादाआधी गप्प — असं मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेत मारीताकडे पाहिलं, आणि तारा जुळवायला लागले.

आता ऐका. आपल्याकडे वक्ता लांबला, खाली बसेना, की काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर चढतं. सत्कार झाला की माणूस संपला. त्यानंतर कुणी बोलत नाही. मी स्वतः हा उपाय कितीदा केलाय, आणि लोक त्यावर नंतर जेवताना हसलेत. शाल माझ्या शेजारीच तबकात होती. मी तबक उचललं. आमच्या सेक्रेटरी वर्षाताई कुजबुजल्या, "अरे, अजून वीस मिनिटं आहेत आपल्याकडे, डोन्ट रश." मी ऐकलं. नीट ऐकलं.

मी स्टेजवर गेलो. त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, गिटारवर असलेल्या हातात नारळ दिला आणि माइकवर मराठीत म्हणालो, "काकांचं असंच चालू राहिलं, तर श्रीखंडाचं परत दूध होईल, मंडळी! उभं राहून टाळ्या होऊ द्या!"

हॉल हसून कोसळला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा होता तो. आजही कानात आहे आणि — सगळं सांगायचंच ठरवलंय तर हेही सांगतो — आजही तो आठवला की बरं वाटतं.

तीनशे माणसं उभी राहिली. हेनीकाकांना वाक्य कळलं नाही, हसू कळलं, टाळ्या कळल्या. त्यांना वाटलं, हा आपला सर्वोच्च मान. मध्येच थांबवून देतात तो. मारीताही उभी राहून टाळ्या वाजवत होती, रडत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. एवढा मान मिळाल्यावर वर आणखी गाणं म्हणायचं, हे त्यांना असभ्य वाटलं असणार.

मावशीच्या त्या बारा मिनिटांत आवाज संपला होता. रविवारी तोंडातून फक्त हवा येत होती असं मारीताने सांगितलं. सोमवारी स्वरयंत्र गेलं.

नंतर ते पाटीवर लिहून बोलायचे. घरी कुणीही आलं की शाल दाखवायचे, आणि पाटीवर लिहायचे: यांनी मला मध्येच थांबवून गौरवलं. नारळ फोडून खायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. तो जुन्या ढालींच्या शेजारी शेल्फवर राहिला. मी समोर बसून चहा पीत असे. एकदा त्यांनी मला लिहून विचारलं, त्या दिवशी वेळ खरंच संपली होती का? मी म्हटलं, हो काका, फार उशीर झाला होता. त्यांनी माझा हात थोपटला.

या एप्रिलमध्ये ते गेले. शवपेटीत अंगावर ती शाल होती. शोकसभेत बोलायला मारीताने मलाच सांगितलं, आणि मी शालीची गोष्ट सांगितली — माझ्या पद्धतीने. लोक हसले, रडले. नंतर ती माझ्याजवळ आली. "बाबा त्या दिवशी शेवटी काहीतरी गाणार होते ना? गिटार जुळवत होते. मी विचारलं की पाटी पुसून टाकायचे. काय होतं ते, तुला बोलले होते का?"

मी म्हटलं, नाही गं.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसलो. फोन काढला. गराजमधलं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, शेवटच्या माझ्या वाक्यापर्यंत. तेवढं वाक्य कापून गाणं तिला देता आलं असतं — मला येतं ते, दोन मिनिटांचं काम. पण गाणं दिलं की ते कधी गायलं, कुणासमोर, हे तिने विचारलंच असतं. मी ते डिलीट केलं. मग डिलीट केलेल्या गोष्टी जिथे महिनाभर राहतात, तिथूनही काढलं. दुसरीकडे कुठे ते नाही.

परवा वर्षाताईंचा फोन आला होता. यंदाच्या गणपतीत हेनीकाकांच्या आठवणींवर दहा मिनिटं ठेवली आहेत, मीच बोलावं अशी मारीताची खास इच्छा आहे, ती पहिल्या रांगेत बसणार आहे. मी हो म्हटलंय.