उन्हात आवळत गेलेला पट्टा

बेंबळीच्या अनसूया मावशींवर अन्याय झाला तो या एप्रिलात, भर दुपारी, आमच्या कंपनीच्या शिबिरात. एडक्याच्या धडकेनं त्यांचं मनगट मोडलं होतं. धाराशिवच्या दवाखान्यात नेईपर्यंत आधार म्हणून आमच्या सरांनी त्यांच्या हाताला नवं स्प्लिंट बांधलं.

मी त्या कंपनीत इंजिनिअर होतो. हे स्प्लिंट म्हणजे प्लास्टिकचा सपाट पट्टा, कागद कातरून जाळी करतात तशा चिरा पाडलेला. ऊब दिली की मऊ होतो, वळतो, हाताला आवळून बसतो. थंड झाला की त्याच आकारात कडक. सगळं टेस्टिंग पुण्यात, एसी लॅबमध्ये.

"सर, आधी इथल्या उन्हात बघू," मी म्हणालो होतो.

"जाहिरातीचे फोटो संध्याकाळपर्यंत पाहिजेत," सर म्हणाले.

मावशी पत्र्याच्या शेडमध्ये जीपची वाट बघत बसल्या. तिथं पट्टा थंड झालाच नाही. आवळतच गेला.

"लेका, मेंढराला बी एवढं आवळून धरत न्हाय कुणी," त्या हसल्या. मग हसणं थांबलं. बोटं निळी पडली होती. "बोटं हायत का गेली, कळंना झालंय."

सर लॅबला फोन लावत होते. मावशींची सून सखू माठातलं पाणी घेऊन आली.

"ओतू नका वहिनी. असाच आवळलेला कडक होईल," मी ओरडलो.

"मग जळू द्यायचा व्हय हात?"

ओतलंच तिनं. पट्टा टणक झाला. कात्री लागेना.

आता पुन्हा गरम करून मऊ करायचा आणि आणखी आवळायच्या आत कापायचा. चुकलो तर हात गेला. कढत पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं मी पट्ट्यावर दाबलं. मावशी किंचाळल्या. सखूनं लोकर कातरायची कातर चिरेत घातली.

"हलू नगा, आत्या."

दोन चिरांमधली एक पट्टी तुटली, मग दुसरी. पट्टा सुटला. बोटं मात्र निळीच. रंग परत यायला लई वेळ लागला.

हात वाचला. दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. सर म्हणाले, "वाचला ना? पुढचं शिबिर तेरला." मी नोकरी सोडली.

लॅबमध्ये ऊन नसतं, एवढं कळायला मावशींचा हात लागला.

तेरच्या लोकांनो, पट्टा घेऊन कुणी आलं, तर आधी त्याच्याच हाताला बांधा आणि त्याला पत्र्याखाली बसवा. तोवर आपल्या माणसाला हात पुढं करू देऊ नका.