पाखडकाकूंचा चुकलेला अहवाल

ग्रंथालयात त्यांना सगळे पाखडकाकू म्हणायचे आणि त्यांनाही ते नाव आवडायचं. बावीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली. संगणक आला तेव्हा बरोबरीच्या कुणी पाठदुखीचं, कुणी डोळ्यांचं निमित्त काढून पळ काढला. काकू तेवढ्या राहिल्या आणि बघता बघता संगणकखोलीच्या मालकीणबाई झाल्या.

संगणक दिवसभर काय काय करतो ते ओळीओळीनं लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. पण त्यात कामाची ओळ एखादीच, बाकी नुसती बडबड. प्रिंटर कागद संपल्याचं रडगाणं गातो, दार उघडलं की वर्दी येते, आणि यंत्र मिनिटामिनिटाला ‘मी चालू आहे’ म्हणून हजेरी लावतं. हा कोंडा बाजूला काढायला काकूंनी अकरा वर्षांत एक्केचाळीस नियम लिहून चाळणी तयार केली होती. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, “आधी पाखडा, मग वाचा. नाहीतर वाचता वाचता जन्म जाईल.”

मग नवे साहेब आले. त्यांनी केबिनमध्ये भला मोठा टीव्ही लावून घेतला. त्यावर यंत्र चालू असल्याचा हिरवा ठिपका आणि खाली ग्रंथालयातल्या एकूण पुस्तकांचा आकडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब तो ठिपका अशा कौतुकानं दाखवायचे, जणू नातवाला पहिला दात आलाय.

त्याच आठवड्यात देवघेवीचा काउंटर अडायला लागला. सकाळी सगळं सुरळीत, पण अकरा वाजले की संगणक ढिम्म.

“लॉग तपासा, काकू,” साहेब म्हणाले. “उद्या अहवाल वर पाठवायचाय.”

तीन लाख ओळी चाळणीतून गेल्या, उरल्या एकशे बारा. काकूंनी त्या पेन्सिल घेऊन दोनदा वाचल्या. एकही ओळ वावगी नव्हती. ‘दोष आढळला नाही,’ असं त्यांनी लिहिलं, साहेबांनी खुशीत सही ठोकली आणि अहवाल वर गेला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरची मुलगी धापा टाकत जिना चढून आली. “काकू, अहवालात दोष नाही, मान्य. पण खाली चाळीस माणसं ताटकळलीत. त्यांनाही पाखडून टाकू का?”

हे काकूंना फार लागलं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवृत्त गणितमास्तर, भाताचा घास तसाच हातात धरून त्यानं विचारलं, “टाकलेल्या ओळी किती होत्या?”

“टाकलेलं कोण मोजतं?”

“मी मोजलं असतं,” मास्तर म्हणाले आणि घास तोंडात घातला.

काकूंना राग आला, कारण बोलणं खरं होतं. सकाळी ऑफिसात पोचताच त्यांनी कोंडा मोजायला घेतला. प्रिंटरचं रडगाणं नेहमीइतकंच. दाराच्या वर्द्या नेहमीइतक्याच. ‘मी चालू आहे’ या ओळी मात्र दिवसाला चौदाशे चाळीस असायच्या, त्या अडीच लाखांवर गेलेल्या! आणि सगळी गर्दी अकरा ते सहा.

अकराला ग्रंथालयात एकच गोष्ट घडायची. साहेब यायचे आणि टीव्ही लावायचे.

टीव्ही यंत्राला दर सेकंदाला दहा वेळा विचारत होता, ‘चालू आहेस ना?’ आणि यंत्र बापडं प्रत्येक वेळी पावणेतीन लाख पुस्तकं मोजून उत्तर देत होतं.

“साहेब, आज टीव्ही लावू नका,” काकूंनी त्यांना दारातच गाठलं.

“अहो, पण तो तर रोज हिरवा ठिपका दाखवतो!”

“दाखवणारच. यंत्राला हो म्हणण्यातून सवड मिळाली तर ते दुसरं काही करील ना!”

साहेबांना पटेना. त्यांनी टीव्ही लावला. खालून मुलीची आरोळी आली, “गेलं!” बंद केला. “आलं!” पुन्हा लावला. “गेलं!” पाचव्या खेपेला रांगेतले लोकही मुलीच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागले, तेव्हा साहेबांनी रिमोट मुकाट्यानं काकूंच्या हातात दिला.

काकूंनी दुसरा अहवाल लिहिला. ‘पहिला अहवाल चुकीचा होता. चूक टीव्हीची, आणि टाकलेल्या ओळी न मोजणाऱ्या माझी.’

साहेबांनी तो दोनदा वाचला. “टीव्हीची?”

“टीव्हीला राग येत नाही, साहेब.”

साहेब आधी कानापर्यंत लाल झाले, मग खो खो हसले. पेन काढून त्यांनी ‘टीव्हीची’ खोडलं, वर ‘टीव्ही लावणाऱ्याची’ असं लिहिलं आणि सही केली. अकरा वर्षांत काकूंनी कुठल्याच साहेबाला स्वतःहून चहा विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.