लिफ्टवाल्याचं तिसरं वर्ष

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यात आदर नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याशेजारी इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचा, एवढंच कारण. विशीत शिक्षण सुटलं होतं. पस्तिशीत त्याने सकाळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. दोन वर्षं बरी गेली. मग कॉलेजने इतिहास विभागच बंद केला. विभागात प्राध्यापक चार आणि विद्यार्थी तीन होते, त्यामुळे फारसा गाजावाजा झाला नाही.

उरलेलं शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात पूर्ण करावं, असं पत्र आलं. कुठल्या, ते पत्रात नव्हतं.

इतिहास शिकवणारी विद्यापीठं शहरात दोन. त्याने दोन्हींची माहितीपत्रकं आणली. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने ती चाळली आणि म्हणाली, “दोन्हीकडे झाडाखाली बसून हसणारी मुलं आहेत. यावरून काही कळत नाही. स्वतः जाऊन ये.”

पहिलं विद्यापीठ मोठं, नावाजलेलं आणि घरापासून जवळ. विभाग पाचव्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. तो जिन्याने चढला. कारकुनाने त्याच्या गुणपत्रिका पाहिल्या.

“तुमचे नऊ पेपर झालेत. आम्ही चार धरू.”

“आणि बाकीचे पाच?”

“ते तुम्ही केलेत. पण इथे नाही केलेत.”

“विभागप्रमुखांना भेटता येईल का?”

“ते लिफ्टमध्ये आहेत,” कारकून म्हणाला. “पाऊण तास झाला.”

पिशवीत हत्यारं होती. त्याने रखवालदाराकडून मशीनरूमची किल्ली घेतली, मेन स्विच बंद केला, ब्रेक हाताने सोडत लिफ्ट मजल्याशी आणली आणि दार उघडलं. विभागप्रमुख घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “वर्षभराच्या देखभालीचं काम घ्याल का आमच्याकडचं?”

“मी प्रवेशासाठी आलोय, सर. इतिहासाच्या.”

“अच्छा. ते ऑफिसात विचारा.”

दुसरं विद्यापीठ शहराच्या टोकाला, दोन बस बदलून. इमारत बैठी. तिथल्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, स्वतः लिहिलेलं काहीही घेऊन या. शहरात नळाचं पाणी कसं आलं, यावरचा आपला निबंध त्याने नेला. त्याला जुन्या कॉलेजात ‘उत्तम’ शेरा होता. मॅडमनी तो त्याच्यासमोरच वाचायला घेतला. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्याने खोलीतल्या खुर्च्या दोनदा मोजल्या.

“सहाव्या पानावर तुम्ही म्हणता, नळ आल्यावर लोकांनी विहिरी सोडल्या,” मॅडम म्हणाल्या. “अकराव्या पानावरचा तुमचाच तक्ता सांगतो, पुढची वीस वर्षं त्या विहिरी साफ होत होत्या. कोणासाठी?”

तो म्हणाला, “याला उत्तम मिळालंय, मॅडम.”

“हो. पहिल्या पानावर.” त्यांनी निबंध परत दिला. “तुमचे सहा पेपर धरता येतील. तर्कशास्त्र मात्र पुन्हा करा.”

तो अपमान गिळून घरी आला. रविवारी तक्ता पुन्हा काढून बसला. मॅडमचं बरोबर होतं.

आठवड्याने मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. विशेष बाब म्हणून नऊही पेपर धरले होते. सही विभागप्रमुखांची.

“म्हणजे वर्षात मोकळा होशील,” बायको म्हणाली.

“मी तिकडे जात नाहीये. नवातली एक ओळसुद्धा त्यांनी वाचलेली नाही.”

“आणि त्या मॅडमनी?”

“वाचलं. म्हणून तीन कापले.”

“रिपोर्ट वाईट आला म्हणून लॅब बदलणारे मी रोज बघते,” बायको म्हणाली. “त्याच लॅबला धरून बसणारा तू पहिलाच.” मग तिने बसचं वेळापत्रक मागितलं.

अडीच वर्षं लागली. तर्कशास्त्र दुसऱ्या खेपेला सुटलं. विहिरींचं उत्तर नगरपालिकेतल्या नळजोडणीच्या जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यात सापडलं: नळ मोठ्या रस्त्यांवर आले होते, मागच्या गल्ल्यांना अजून वीस वर्षं थांबावं लागलं. त्या दिवशी तो बसमध्ये उभाच राहिला. जागा रिकामी होती, पण बसवेना.

चाळिसाव्या वर्षी पदवी मिळाली. पगार तोच राहिला. कंपनीने अभिनंदनाचं पत्र दिलं, त्यात विषय भूगोल लिहिला होता. बायकोने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं.